मणी वेचताना घोणस चावली तेव्हा

मी ब्लाउज शिवते. लिहिणं हा माझा धंदा नाही, त्यामुळे टाके कुठे वाकडे पडले तर सांभाळून घ्या. नगरच्या दवाखान्यात डायलिसिसच्या खाटेवर पडलेली असताना तिथल्या सिस्टर मला म्हणाल्या होत्या, "काकू, तुम्ही बोलता छान. हे एकदा लिहून काढा. साप चावलेलं माणूस इथे आलं की घरचे पहिल्यांदा हेच विचारतात, यातून कुणी उठलंय का? आम्ही सांगितलं तर त्यांना वाटतं, धीर द्यायला बोलतात."

म्हणून लिहिते आहे. मी जगले हे तुम्हाला दिसतंच आहे. पण जीव वाचला असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तिथून माझं खरं आजारपण सुरू झालं. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण ते सगळं लघवीभोवती फिरतं. लाज वाटत असेल तर इथेच थांबा. माझी लाज मी त्या वॉर्डातच ठेवून आले.

माझा नाद

आमचं गाव नेवासा तालुक्यातलं. गावाखालून ओढा वाहतो आणि पुढे प्रवरेला मिळतो. ओढ्याच्या काठाला जुन्या वस्तीचं टेकाड आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथे माणसं नांदत होती. दरवर्षी पाणी त्या टेकाडाचा थोडा काठ खातं, आणि पूर ओसरला की त्या माणसांच्या वस्तू वाळूत सापडतात. काळ्या रेघांची तांबडी खापरं, शंखाच्या बांगडीचे तुकडे, मातीचे आणि लाल अकीकाचे मणी, आणि गारगोटीची पाती. ही पाती म्हणजे त्या लोकांच्या सुऱ्या. लांबीला बोटाच्या पेराएवढ्या, पण धार अजून अशी की हलकेच अंगठा फिरवला तरी रक्त निघतं.

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि नंतर जन्मभर गळे कापत बसले, म्हणजे ब्लाउजचे. पण काळ्या अस्तरावर पडलेली काळी सुई शोधून शोधून नजर तयार झालेली. वाळूतला ज्वारीच्या दाण्याएवढा मणी मला उभ्याने दिसतो. टेकाडाला मी कधी हात लावला नाही. ते उकरायचं नसतं, ते सरकारचं आहे आणि त्याहून जास्त त्या गेलेल्या माणसांचं आहे. ओढ्याने जे बाहेर टाकलं तेवढंच मी उचलते.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, साखर कारखान्यात फिटर होते, आता घरी असतात. त्यांच्या लेखी माझं सगळं धन म्हणजे "दगडं". माझ्याबरोबर ओढ्यावर यायची ती आक्का. आक्का ही ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडेच. मी लग्न होऊन आले तेव्हा ती घरात होतीच, म्हणजे खरं तर मीच तिच्या घरात आले. भाजीत मीठ किती यावर आमचं एकदाही एकमत झालेलं नाही. ती ओढ्याकाठी पाथरीची भाजी खुडायची, मी मणी वेचायची, आणि मधूनमधून ती विचारायची, "काय गं शोभे, आलं का तुजं पीक?"

पातं लागलं असं वाटलं

ओढा जिथे वळतो तिथे करंजाच्या झाडाखाली साती आसरा आहेत. सात शेंदूर लावलेले दगड, पाण्याच्या बायका. आमच्याकडे आसरांच्या जागेत पायात काही घालून जात नाहीत. आक्का तर या बाबतीत भलतीच कडक. वळणाच्या अलीकडेच ती हाक मारायची, "काड पायातलं." मी कॅनव्हासचे बूट काढून तिच्या चपलांशेजारी ठेवायची. आणि गंमत अशी, की सगळ्यात जास्त मणी सापडतात ते त्याच वळणावर, कारण तिथे पाणी मंदावतं आणि बारीकसारीक वस्तू टाकून पुढे जातं. म्हणजे माझ्या सगळ्या नादातला सगळ्यात चांगला भाग मी अनवाणीच केलेला आहे.

थंडीचे दिवस होते. ऊन नुकतंच काठावर उतरलं होतं. वाळलेल्या गवताच्या कडेने मी एकेक पाऊल टाकत होते, नजर खाली वाळूत. घोट्याच्या वर एकदम जोरात टोचलं. खाली बघितलं तर रक्ताचे दोन ठिपके.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. पातं! एवढी धार म्हणजे न तुटलेलं, अख्खं पातं असणार. याआधी पात्यांनी माझे पाय कितीदा कापले होते, त्यामुळे दुसरा विचार डोक्यात आलाच नाही. मी खाली बसले आणि गवतात हात घालून चाचपायला लागले.

कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला. तेव्हाही मी हात काढला नाही, नुसती आवाज कुठून येतोय ते बघत राहिले. मागून आक्काने माझी वेणी धरली आणि मला फरफटत मागे ओढलं. तेव्हा कुठे ती दिसली. जाडजूड, तपकिरी, अंगावर साखळीसारखे गोल डाग, वेटोळं घालून फुसफुसत होती. माझा हात होता तिथून वीतभर अंतरावर. घोणस.

आक्काने मला करंजाखाली बसवलं आणि धावत जाऊन बांधावरच्या लिंबाचा पाला ओरबाडून आणला. साप चावला की लिंबाचा पाला चघळायला देतात. गोड लागला तर विष भिनलं, कडू लागला तर नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात.

"चाव. कसा लागतुया?"

"कडू."

"देवा! वाचलीस. इख न्हाई उतरलं. बस जरा, दम खा."

कडू लागतो म्हटल्यावर मलाही हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू? बी.ए. झालेली असले तरी त्या क्षणी मला तो पाला कडू लागल्याचा मनापासून आनंद झाला. आम्ही बसून राहिलो. पाय ठणकायला लागला, इतका की डोळ्यांपुढे अंधारी यावी. तरी आक्का म्हणत होती, "भ्यायल्यानं दुकतंय."

मग माझं लक्ष त्या दोन ठिपक्यांकडे गेलं. सुई टोचली की रक्त किती वेळात थांबतं हे मला पाठ आहे. बोट तोंडात घातलं, काढलं, की झालं. इथे मी पदराने पुसत होते आणि ते परत येत होतं. पातळ, पाण्यासारखं. "आक्का," मी म्हटलं, "हे थांबत नाही. हे काहीतरी वेगळं आहे. मला दवाखान्यात ने."

आक्काने वर रस्त्याला जाऊन कांद्याच्या गोण्या घेऊन चाललेला टेम्पो अडवला. ड्रायव्हरला तिने काय सांगितलं कोण जाणे, त्याने टेम्पो रानातून थेट ओढ्यापर्यंत आणला.

काचेच्या नळीतलं रक्त

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझं रक्त काढून एका छोट्या काचेच्या नळीत घातलं, नळी खिडकीत उभी केली आणि सगळ्यांना दम दिला, कुणीही हात लावायचा नाही. चांगलं रक्त असेल तर थोड्या वेळात गोठतं, नाहीतर वाहतं. एवढंच निदान. तोवर आमचे हे येऊन पोचले होते. आम्ही तिघं त्या नळीकडे बघत बसलो. मला आयुष्यात कधी कुठल्या निकालाची एवढी भीती वाटली नव्हती, आणि भीती वाटत असतानाच मनात येत होतं की नळीवर ऊन किती छान पडलंय.

डॉक्टरीणबाईंनी नळी उचलून आडवी केली. रक्त सरबतासारखं वाहत गेलं.

"घोणसच आहे," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन सुरू करा."

तोवर पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. जोडवी बोटात रुतली. सिस्टरने कात्रीसारखं हत्यार आणलं आणि म्हणाली, "कापावी लागतील, काकू." मी म्हटलं, "काप बाई." आमचे हे जवळ आले, माझा अंगठा धरून उभे राहिले. आक्का मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिची जोडवी कधी आणि कशी निघाली होती हे मला माहीत होतं. तिला त्या वेळी हाक मारायला हवी होती असं मला फार वाटतं, पण मला तेव्हा थंडी वाजून आली होती आणि दात एकमेकांवर आपटत होते.

मला नगरला न्यायला ॲम्ब्युलन्स आली, तेव्हा आक्का फाटकाशी उभी होती. माझे बूट तिच्या हातात होते. गाडीत बस म्हटलं तर मान हलवून मागे सरकली.

किडन्या झोपल्यात

इंजेक्शनांनी रक्त गोठायला लागलं. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी जीव वाचला असं सांगितलं, आमच्या ह्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी मात्र सिस्टरनी लघवीच्या नळीला लावलेली पिशवी बघितली आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या. पिशवीत कोऱ्या चहाच्या रंगाची चमचाभर लघवी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी तीही नाही.

डॉक्टर खाटेच्या कडेला बसले. उभ्याने बोलणारा माणूस बसला की समजावं. म्हणाले, "विषाचा दणका किडन्यांना बसलाय. त्या झोपल्यात असं समजा. तोवर रक्त मशीनवर धुवू. बहुतेकांच्या उठतात."

"आणि नाही उठल्या तर?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तर मशीन कायमचं. पण आत्ताच तिकडे जायला नको. लघवी सुरू झाली की समजायचं, जाग आली."

त्या वाक्यावर आम्ही पुढचे सगळे दिवस काढले. मानेत नळी बसली. एक दिवसाआड मशीन. माझं रक्त बाहेर जायचं, फिरून परत यायचं, आणि मी थंडीने कुडकुडत छताच्या पंख्याकडे बघायची. पिशवीत काहीच येत नाही म्हटल्यावर काही दिवसांनी लघवीची नळी काढून टाकली. "उगाच जंतू नकोत," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी बाथरूमला जाऊन बसत जा. आली तर आली."

मी रोज जायची, बसायची आणि परत यायची.

तहान

आजारपणात दुखण्यापेक्षा मला तहानेने जास्त छळलं. पाणी बाहेरच जात नाही, तर आत किती घेणार? दिवसाला फुलपात्रभर पाणी मोजून मिळायचं. मी ते चमच्याने प्यायची. बर्फाचा खडा तोंडात धरला की जास्त वेळ पुरतो, हे मला शेजारच्या खाटेवरच्या अण्णांनी शिकवलं. तुम्हीही लक्षात ठेवा.

आणि पाहुणे! जो येईल तो शहाळं घेऊन. आजारी माणसाला शहाळं द्यायचं हे आपल्या हाडात बसलंय, आणि किडनीच्या पेशंटला नेमकं तेच चालत नाही. खाटेखाली शहाळ्यांचा ढीग लागला. मी त्यांच्याकडे बघत कोरडी जीभ फिरवायची. आमचे हे ती शहाळी बाकीच्या पेशंटांच्या नातेवाइकांना वाटायचे आणि वर सांगायचे, "हिच्या नावानं प्या."

अण्णा सोनईचे. बरीच वर्षं मशीनवर होते. त्यांच्या किडन्या साखरेने गेल्या होत्या आणि परत येणार नव्हत्या, हे त्यांना माहीत होतं. तरी मला आणलं की पहिला प्रश्न त्यांचाच.

"काय ताई, झाली का?"

"नाही हो, अण्णा."

"हुईल. घाई नका करू. आन् झाली ना, की माज्या वाटनीची बी एक करा."

हसताना मानेतली नळी दुखायची. अण्णांसमोर रडायची मला सोय नव्हती. त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने रडणार? मी रडायची ती मशीनचा आवाज वाढला की.

घरातही तेच. आमचे हे लग्न झाल्यापासून माझ्यासमोर "लघवी" हा शब्द कधी बोलले नव्हते. "जाऊन येतो" एवढंच. आता फोनवर साऱ्या भावकीला खणखणीत आवाजात सांगायचे, "न्हाई, लघवी अजून न्हाई." सगळा वॉर्ड ऐकायचा.

उठले तर कशी जाईन

पडल्यापडल्या मी एक खेळ करायची. मनातल्या मनात ओढ्यावर जायची. पण आता शहाणी होऊन. तुमच्यापैकी कुणाला असा नाद असेल, खापरांचा, मण्यांचा, नदीकाठच्या रंगीत दगडांचा, तर हे तुमच्यासाठी आहे. वॉर्डातल्या इतर लोकांचं ऐकून आणि डॉक्टरांना विचारून विचारून मी हे गोळा केलं.

पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, कुठल्याही कारणासाठी काढायचे नाहीत. हातात काठी, पावलाच्या आधी काठी आपटायची. सापाला आपण येतोय हे पायांच्या हादऱ्याने कळतं, त्यालाही आपल्याशी भांडण नको असतं. जिथे नजर पोचली नाही तिथे हात घालायचा नाही. काठाच्या कपारीत नाही, मुळांच्या जाळीत नाही, गवतात तर नाहीच. दगड उलटायचा तर पलीकडची कड धरून आपल्याकडे, म्हणजे खाली कुणी असेल तर मधे दगड राहतो. काठीनेच उलटला तर आणखी बरं.

बिबट्याचं वेगळं. ओढ्याला लागून ऊस असेल तर आमच्याकडे तो आहे असंच धरून चालतात. उन्हं चढल्यावर जायचं, सावल्या लांब व्हायच्या आत परत. शेळ्या, कुत्री बरोबर नकोत. आणि मणी वेचणारी माणसं जे करतात, उकिडवं बसून उसाकडे पाठ करून खाली बघत राहणं, ते करायचं नाही. बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतो. एकाने वेचायचं, दुसऱ्याने उभं राहून बघायचं, आणि मोठ्याने गप्पा मारायच्या. आक्का बरोबर असली की हे शेवटचं आपोआप होतं. पुलाखाली आग्या मोहोळ असलं तर तिथली खापरं विसरायची.

आणि साप चावलाच तर बसायचं. पळायचं नाही, दोरीने आवळायचं नाही, कापायचं नाही, पाला चघळत वेळ घालवायचा नाही. जोडवी, पैंजण, बांगड्या सूज यायच्या आधी काढायच्या. साप मारून न्यायची गरज नसते. पाय हलू न देता जिथे इंजेक्शन मिळतं तिथे सरळ जायचं. आणि टोचलं की आधी मागे व्हायचं. पातं असेल तर ते उद्याही तिथेच सापडेल, हजारो वर्षं थांबलंय ते.

हा खेळ संपला की परत पंखा दिसायचा.

दगडं

एका सकाळी मी ह्यांना म्हटलं, "माझी मण्यांची बरणी तेवढी आणाल का? नुसती बघेन."

ते शहाळं फोडत होते. हातातला कोयता खाली ठेवला आणि म्हणाले, "ती दगडं मी घरी गेल्या गेल्या ओढ्यात फेकनार हाय."

"हात तर लावून बघा."

"लावतो ना! काय मिळालं त्यातनं? सांग, काय मिळालं?"

मी इतकी चिडले की मशीनची घंटी वाजायला लागली. सिस्टर धावत आली आणि तिने दोघांनाही दटावलं. ती गेल्यावर हे स्टुलावर बसले, टॉवेलने तोंड पुसलं आणि पुसतच राहिले. मग टॉवेलच्या आतून म्हणाले, "मला तू पायजे, शोभा. मन्यांचं मला काय कळत न्हाई. मला तू पायजे."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. त्यासाठी घोणस चावावी लागावी हे काही बरोबर नाही, असं मी नंतर त्यांना म्हटलंसुद्धा. त्या वेळी मात्र मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसरं एक मला खात होतं. सगळं गाव येऊन गेलं, पण आक्का आली नाही. विचारलं की हे नजर चुकवून म्हणायचे, "शेळ्या कोन बगनार?" आजपर्यंत शेळ्या सोडून ती कुठे गेली नव्हती असं नाही. मला वाटायला लागलं, ती माझ्यावर रागावली. किंवा मी मरेन अशी तिची खात्री झाली असेल आणि तिला ते बघायचं नसेल.

आक्का येते

आक्का आली ती एकटी, एसटीने. नगरला ती याआधी एकटी कधी आली नव्हती. आणि आली ती माझ्याकडे नाही, सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. नंतर डॉक्टरच तिला हाताला धरून माझ्या खाटेशी घेऊन आले. ते हसत होते, पण डोळे काही वेगळंच सांगत होते.

"तुमच्या नणंदबाई किडनी द्यायला आल्यात," ते म्हणाले.

"दोन असत्यात म्हनं," आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली. "माजी एक काडा आन् हिला घाला. मला आता कितीशी लागनार हाय? मी म्हनलं, आत्ताच काडा, सकाळपासनं काय खाल्लं बी न्हाई मी."

"आजी, त्यांच्या किडन्या गेलेल्या नाहीत. झोपल्यात. वाट बघू," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

आक्का पायथ्याशी बसली. माझा पाय अजून काळानिळा होता. तिने त्याच्यावर हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला.

"बूट मी काडाया लावलं," ती म्हणाली. "आन् वर पाला चारत बसले. येडी मी. तुजी जोडवी कापली ती माज्या पायी. कुटल्या तोंडानं येनार हुते?"

मी म्हटलं, "आक्का, गवतात हात मी घातला होता. माझी वेणी ओढली नसतीस तर दुसरा चावा हाताला होता. तू नसतीस तर ही खाटसुद्धा मिळाली नसती."

"आसरांकडं गेल्ते मी," ती एकदम म्हणाली. "भांडून आले. म्हनलं, बायांनो, तुमी पान्यातल्या, तुमास्नी काटा न्हाई का साप न्हाई. आमास्नी हाय. हितनं पुडं ही बूट घालूनच यील. चालत आसंल तर बगा, न्हाई तर मला धरा, तिला सोडा."

आयुष्यभर जिने त्या जागेत चपलेचं टोक खपवून घेतलं नाही, तिने हे सांगितलं. मी तिचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "सोड, सुई निगंल." आणि स्वतः मात्र सोडला नाही.

त्या दिवसापासून आक्का तिथेच राहिली. शेळ्या तिने शेजारणीच्या हवाली केल्या होत्या. दवाखान्याच्या जेवणातलं मीठ कमी आहे अशी तक्रार तिने पहिल्याच दिवशी केली. मला मीठ बंद होतं, त्यामुळे प्रथमच या विषयावर मला काही म्हणता आलं नाही.

त्या सकाळी

मशीन सुटलं, मानेतली नळी निघाली, रक्ताचे आकडे हळूहळू जागेवर आले, हे सगळं पुढे झालं. त्याला वेळ लागला आणि चिकाटी लागली. पण मला सांगायची आहे ती त्याच्या आधीची एक सकाळ.

त्या दिवशी परत मशीन होतं. डॉक्टर आदल्या दिवशी ह्यांना बाहेर नेऊन काहीतरी बोलले होते, आणि हे परत आले ते चेहरा धुऊन. मी विचारलं नाही. मला कळलं होतं की आता डॉक्टर "बहुतेक" हा शब्द पूर्वीइतक्या सहज वापरत नाहीत.

रोजच्यासारखी आक्का मला धरून बाथरूमपर्यंत घेऊन गेली. "कडी लावू नको," ती म्हणाली, तीही रोजच्यासारखी. मी आत बसले. भिंतीवरच्या फरशीला एक तडा होता, तो मी रोज बघायची. त्या दिवशी मनात काहीच मागितलं नाही. मागून मागून थकले होते. आक्काला बाहेर एकटीला किती वेळ उभं राहावं लागणार, तिचे गुडघे दुखत असतील, एवढाच विचार डोक्यात होता.

आणि मग पोटात खाली काहीतरी सुटल्यासारखं झालं. ऊन ऊन. थोडीशीच. थांबली. मला वाटलं भास झाला. परत आली, आणि या वेळी भांड्यावर तिचा आवाज झाला.

मी श्वास धरून बसले. हललं तर बंद होईल असं वाटत होतं.

बाहेर एकदम सगळं शांत झालं होतं. मग दाराच्या फटीतून आक्काचा आवाज आला, अगदी बारीक, लहान पोरीसारखा.

"शोभे, आवाज आला गं."

"आला, आक्का."

"तुजाच ना?"

"माझाच."

ती पलीकडे खाली बसली असावी, कारण दार हललं. ती रडत होती. नवरा गेला तेव्हाही ती मोठ्याने रडली नव्हती असं हे सांगतात, पण त्या दिवशी तिचं रडणं सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. मी आत रडत होते, ती बाहेर, मधे पत्र्याचं दार. कुणीतरी धावत आल्याची पावलं वाजली आणि सिस्टरचा घाबरलेला आवाज आला, "काय झालं, आजी?"

आक्काने दोनदा नाक ओढलं, घसा खाकरला, आणि दारावर थाप मारून मला म्हणाली, "पानी टाक गं नीट. मागनं दुसरी मानसं येत्यात."